प्रवासी आणि माल एकत्र वाहून नेणाऱ्या सेवेची कामगिरी एकाच आकड्यात मोजता येते का?

रेवा_प्रबंध

नमस्कार.

वाहतूक अर्थशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी भारतीय रेल्वेच्या कामगिरीचा अभ्यास करीत आहे आणि पहिल्याच प्रकरणात अडले आहे. रेल्वे एकाच रुळावरून, आणि पार्सलच्या बाबतीत तर एकाच गाडीतून, माणसेही नेते आणि मालही. तिने वर्षभरात एकूण काम किती केले हे सांगण्यासाठी प्रवासी-किलोमीटर (एक प्रवासी एक किलोमीटर नेणे) आणि टन-किलोमीटर (एक टन माल एक किलोमीटर नेणे) यांची सरळ बेरीज करून तिला 'वाहतूक एकक' म्हणण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय तुलनांमध्ये रूढ आहे. मीही असाच एक निर्देशांक घ्यावा, असा माझ्या मार्गदर्शकांचा आग्रह आहे.

२०१८-१९ मध्ये सुमारे १,१५७ अब्ज प्रवासी-किलोमीटर आणि सुमारे ७३८ अब्ज टन-किलोमीटर झाले. बेरजेप्रमाणे पाहिले तर रेल्वेच्या कामातला ६१ टक्के वाटा प्रवाशांचा ठरतो. त्याच वर्षी मालवाहतुकीचे उत्पन्न सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होते आणि प्रवासी उत्पन्न सुमारे ५१ हजार कोटी. पैशाच्या बाजूने पाहिले की चित्र असे उलटे होते.

आता त्यानंतरची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. टाळेबंदीमुळे प्रवासी-किलोमीटर २०१९-२० मधील सुमारे १,०५१ अब्जांवरून २०२०-२१ मध्ये २३१ अब्जांवर आले; टन-किलोमीटर मात्र ७०८ अब्जांवरून ७२० अब्जांवर गेले. बेरीज १,७५९ अब्जांवरून ९५१ अब्जांवर आली, म्हणजे ४६ टक्क्यांची घट झाली. गणितात चूक नाही, पण या एका टक्केवारीवरून त्या वर्षी रेल्वेत प्रत्यक्ष काय घडले याचा कोणालाही बोध होणार नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. या बेरजेऐवजी दुसरे कोणते माप घ्यावे? आणि प्रवासी गाडीला जोडलेल्या पार्सल डब्यातील माल नेमका कोणाच्या खात्यात धरावा?

दौंडकर

रेवाताई, प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी वाहतूक शाखेत आणि त्यातली बरीचशी नियंत्रण कक्षात गेली, त्यामुळे तिथून दिसते तसे सांगतो.

या बेरजेत एक प्रवासी बरोबर एक टन धरलेला असतो. तसे का धरावे याचे उत्तर कोणाकडेच नाही. दोन्ही आकडे सहज उपलब्ध असतात आणि बेरीज सोपी असते, एवढ्यावर ही पद्धत टिकून आहे. एक प्रवासी म्हणजे खरोखर किती टन, हे निरनिराळ्या बाजूंनी काढून पाहा. वजनाने पाहिले तर सामानासकट माणूस फार तर शंभर किलो भरतो, म्हणजे टनाचा दहावा हिस्सा. उत्पन्नाने पाहायचे तर आपल्याच आकड्यांवरून एका प्रवासी-किलोमीटरला सुमारे ४४ पैसे आणि एका टन-किलोमीटरला सुमारे १ रुपया ७० पैसे पडतात, म्हणजे एक प्रवासी पाव टनाच्या बरोबरीचा. गाडीच्या लांबीने पाहायचे तर नव्या बनावटीच्या शयनयान डब्यात ८० प्रवासी बसतात आणि जवळपास तेवढ्याच लांबीच्या उच्च क्षमतेच्या पार्सल डब्यात २३ टन माल मावतो. इथे प्रवासी पाव टनाहून थोडा अधिक झाला. पण तुलना पार्सलऐवजी कोळशाशी केली, तर त्या डब्याच्या निम्म्याहून कमी लांबीच्या वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, साठ टनांच्या आसपास कोळसा राहतो आणि तोच प्रवासी दीड टनाच्या पुढे जातो. ज्या विनिमयदराची उत्तरे ०.१ पासून दीडच्या पुढपर्यंत कुठेही येऊ शकतात, तो '१' धरून चालणे ही निव्वळ सोय आहे.

उत्पन्नाचे भारांक घेतले, म्हणजे प्रवासी आणि माल यांचे महत्त्व त्यांच्या उत्पन्नावरून धरले, तर प्रश्न सुटेल असे वाटते, पण तिथे भाडेधोरण आत शिरते. प्रवासी भाडे सरकार ठरवते. २०२२-२३ मध्ये प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळाली आणि तिची रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती, असे रेल्वे मंत्रालयाने सांगितले आहे. अशा भाड्याचा भारांक घेतला तर आपण रेल्वेचे काम मोजत नसून सरकारचे औदार्य मोजतो. शिवाय ही ४६ टक्क्यांची गणना ज्या खर्चावर उभी आहे, तो खर्च प्रवासी आणि माल यांच्यात वाटून काढलेला असतो. रूळ, खडी, सिग्नल आणि स्थानकमास्तर दोघांचेही असतात. रुळांच्या देखभालीचा खर्च साधारणपणे गाडीच्या स्वतःच्या वजनासह होणाऱ्या एकूण टन-किलोमीटरच्या प्रमाणात वाटतात आणि सिग्नलसारखा खर्च गाडी-किलोमीटरच्या. वाटपाचा नियम बदलला की तोटा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नियंत्रण कक्षात सेक्शन कंट्रोलरसमोर, म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यावरच्या गाड्या चालवणाऱ्यासमोर, चार्ट असतो. त्यावर आडवा वेळ आणि उभी स्थानके असतात, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. मेल-एक्सप्रेसची रेघ उभट असते, मालगाडीची सपाट. सगळ्या रेघा एकाच उताराच्या असत्या तर त्या एकमेकींना खेटून बसवता आल्या असत्या. पण सपाट रेघांच्या मध्ये एक उभट रेघ आली की तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा रिकामी पडते, आणि त्या वेळात मालगाडी लूपला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, घेऊन उभी करावी लागते. म्हणजे एक एक्सप्रेस मार्गावरची एकच जागा खात नाही. वेगातला फरक जितका मोठा, तितक्या अधिक मालगाड्यांच्या जागा ती खाते. प्रवासी-किलोमीटर वाढले म्हणून टाळ्या वाजवताना त्यासाठी किती टन-किलोमीटर लूपमध्ये उभे राहिले, हे आपल्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

म्हणूनच २०२०-२१ हे वर्ष आपल्या प्रबंधाला वरदान आहे. मार्च २०२० च्या अखेरीस प्रवासी गाड्या थांबल्या, मार्ग मोकळा झाला आणि मालगाड्यांचा सरासरी वेग एरवी दिसत नाही इतका वाढला. अर्थव्यवस्था आखडलेली असतानाही माललदान सुमारे १२१ कोटी टनांवरून १२३ कोटी टनांवर गेले. बेरजेने ४६ टक्के घट दाखवली, ती ही गोष्ट झाकूनच. दिल्लीजवळच्या दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आणि लुधियानापासून सोननगरपर्यंत मालासाठी स्वतंत्र समर्पित मार्ग का बांधायला घेतले, याचे कारणही ह्याच चार्टवर आहे.

माझे मत असे की ज्या साधनाची टंचाई आहे, ते छेदस्थानी घ्यावे. गजबजलेल्या मार्गावर टंचाई मार्गावरच्या जागेची असते, म्हणून प्रवासी आणि माल या दोहोंचे काम 'प्रति उपलब्ध जागा' असे वेगवेगळे मांडावे आणि बेरीज करूच नये. वाघिणीच्या फेऱ्याला लागणारे दिवस, इंजिनाचे दररोजचे किलोमीटर आणि वक्तशीरपणा ही पारंपरिक मापे ठेवावीतच. फक्त त्यांतले प्रत्येक एकाच बाजूचे आहे, दोन बाजूंच्या ओढाताणीचे एकही नाही.

आडत्या_नाशिक

दौंडकर साहेबांनी रुळाची बाजू सांगितली. मी ग्राहकाच्या बाजूने लिहितो. आमचा माल प्रवासी गाडीच्या लगेज कप्प्यातून, म्हणजे गार्डाच्या डब्याला लागून असलेल्या कप्प्यातून, बऱ्याच वर्षांपासून जातो.

रेवाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की पार्सलचे उत्पन्न मालाच्या खात्यात जात नाही आणि प्रवासी उत्पन्नातही जात नाही. ते 'इतर कोचिंग उत्पन्न', म्हणजे प्रवासी गाड्यांपासूनचे तिकिटांव्यतिरिक्तचे उत्पन्न, या शीर्षाखाली दाखवतात. त्यामुळे आपण वर दिलेल्या दोन्ही रकमांत ते नाही. दुसरी अडचण अशी की पुष्कळ गाड्यांतील हे कप्पे ठेक्याने दिलेले असतात. ठेकेदार फेरीमागे ठरलेली रक्कम भरतो, मग कप्पा काठोकाठ भरलेला असो की अर्धा. रेल्वेला उत्पन्न पैशापर्यंत ठाऊक असते, पण त्यातून किती टन किती किलोमीटर गेले याचा आकडा कप्प्याच्या क्षमतेवरून गृहीत धरलेला असू शकतो. असा आकडा हाती आला तर तो कसा काढला, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

आमच्या दृष्टीने कामगिरी म्हणजे टन-किलोमीटर नव्हेत. ज्या गाडीला माल चढायचा होता त्याच गाडीला चढला का, आणि उतरला तेव्हा विकण्याजोगा होता का, एवढेच आम्ही पाहतो. मधल्या स्थानकावर गाडी दोन मिनिटे थांबते. हमाल हातगाडी घेऊन नेमक्या जागी उभे असतात, पण त्या दिवशी डब्यांचा क्रम उलटा लागला असेल तर लगेज कप्पा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला येतो आणि हातगाडी तिथे पोहोचेपर्यंत गार्ड हिरवा झेंडा दाखवतो. अर्धी पोती चढतात, अर्धी खाली राहतात. गाडी वेळेवर सुटली म्हणून वक्तशीरपणाच्या तक्त्यात ती फेरी उत्तम ठरते, आणि आमची कोथिंबीर दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर पिवळी पडते. उलट मालासाठी गाडी चार मिनिटे थांबवली तर हजारभर प्रवाशांची चार-चार मिनिटे जातात, आणि तेही न्याय्य नाही. एकत्र वाहतुकीची खरी किंमत या दोन मिनिटांत आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात लिहिली जात नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली, तेव्हा आम्हाला जाणवलेला फरक नेमका हा होता. पार्सल डब्यांचीच गाडी असल्यामुळे थांबे माल चढवण्याच्या हिशेबाने ठेवता येत होते. भाड्यातील ५० टक्के अनुदानही होते, हे खरे. पण त्या गाडीचे यश मोजताना अनुदानामुळे आलेला माल किती आणि थांब्यांमुळे आलेला किती, हे कोणी वेगळे केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रेवाताईंनी तेवढे केले तरी प्रबंधाचे एक प्रकरण होईल.

धावपट्टी_शारजा

मी विमान कंपनीच्या कार्गो विभागात काम करतो. आमच्याकडे हा प्रश्न फार जुना आहे, कारण जगातला जवळजवळ निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो.

आम्ही प्रवाशाचे टनांत रूपांतर करतो. प्रवासी आणि त्याचे सामान मिळून साधारण ९० ते १०० किलो धरायचे आणि मालाच्या टन-किलोमीटरमध्ये मिळवायचे. विमानाला वजनाची मर्यादा असल्यामुळे हे रूपांतर निराधार नाही. दौंडकर साहेबांच्या भाषेत, आमच्याकडे टंचाई वजनाची आहे आणि तेच आम्ही मोजतो. तरीही ते पुरे पडत नाही. आसनांची भरणी आणि वजनाची भरणी हे दोन आकडे आम्ही वेगळे ठेवतो, कारण आसने गच्च भरलेल्या विमानाचे पोट निम्मे रिकामे असू शकते. शिवाय कापूस किंवा फुलांसारखा माल वजनाच्या आधी जागा संपवतो, म्हणून दर ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो असे आकारवजन काढतात, आणि ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त भरले तर भाडे त्यावरच लागते.

या पद्धतीचा एक दोष प्रबंधात नोंदवण्याजोगा आहे. विमान कुठून कुठे आणि किती वाजता उडेल हे प्रवासी ठरवतात. माल उरलेल्या जागेत बसतो. म्हणून मालाची भरणी कमी दिसली की कार्गो विभाग कमी पडला असा निष्कर्ष काढतात, पण मालाला नको असलेल्या मार्गावर जागा निर्माण झाली तर ती भरणार कशी? २०२० मध्ये प्रवासी विमाने जमिनीवर आली तेव्हा ही पोटातली जागा एकदम नाहीशी झाली आणि हवाई मालाचे दर भडकले. तोपर्यंत त्या जागेची किंमत कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण ती प्रवाशांच्या हिशेबात फुकट धरलेली होती.

टपावरचा

एसटीतील माझ्या अनुभवाची थोडी भर घालतो. आमच्याकडे दोन आकड्यांवर सगळे चालते, भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न. भारमान आसनांचे असते, म्हणजे शेकडा किती आसने भरली ते. टपावर आंब्याच्या पेट्या रचलेल्या असल्या आणि आत निम्मीच माणसे असली, तर भारमान निम्मेच लागते. वाहकाने फाडलेले लगेज तिकीट मात्र आमच्या वेळी त्याच फेरीच्या उत्पन्नात धरले जाई. त्यामुळे हंगामात कोकणातल्या काही फेऱ्यांचे भारमान पडलेले आणि उत्पन्न चढलेले दिसे, आणि कागदावर पाहणाऱ्याला त्याचा उलगडा होत नसे.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाल्यावर या दोन आकड्यांतले नाते आणखी बदलले, कारण गाडी भरते पण तिकिटाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा शासनाच्या प्रतिपूर्तीतून येतो. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करणार असाल तर हे ध्यानात ठेवावे. २०२० मध्ये सुरू झालेली एसटीची मालवाहतूक आपल्या विषयात बसत नाही, कारण तिथे जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून ते स्वतंत्र चालवले गेले.

मुंबईच्या लोकलमधला मालडबा मात्र विषयात नक्की बसतो. डबेवाले, मासळीवाल्या आणि भाजीवाले त्यातून जातात. किती टन गेले हे कोणीच लिहीत नाही. त्यातला एक डबा ज्येष्ठ नागरिकांना देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या डब्यातून किती माणसे प्रवास करतात हाच चर्चेचा आधार होता. मालडब्याची उपयुक्तता माणसे मोजून ठरवणे मला पटलेले नाही, जरी ज्येष्ठांची गरज खरी असली तरी.

रेवा_प्रबंध

सर्वांचे मनापासून आभार. 'टंचाई असलेले साधन छेदस्थानी' ही मांडणी मी मार्गदर्शकांपुढे ठेवली आणि ती त्यांना पटली. त्यांनी फक्त एक आक्षेप घेतला. खर्चाचे वाटप टाळता येईल, पण कार्बन उत्सर्जनाचे वाटप कसे टाळणार? एकाच इंजिनाने ओढलेल्या गाडीत प्रवासी आणि पार्सल दोन्ही असतील तर दोघांच्या वाट्याला काही ना काही टाकावेच लागेल. दुसरे असे की संपूर्ण रेल्वेऐवजी एखादाच मार्ग घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा?

धावपट्टी_शारजा

उत्सर्जनासाठी आता आयएसओ १४०८३ हे २०२३ चे मानक आहे. प्रवासी आणि माल एकत्र असतील तर वाटप कसे करावे हे त्यात दिलेले आहे. त्याआधीच्या २०१२ च्या युरोपीय मानकात प्रवासी आणि वाहने एकत्र नेणाऱ्या बोटींसाठी दोन पर्याय होते, वजनाप्रमाणे किंवा डेकच्या क्षेत्रफळाप्रमाणे. प्रवाशाचे वजन थोडे असते, पण त्याला बसायला, जेवायला आणि फिरायला भरपूर जागा लागते. त्यामुळे त्याच बोटीच्या त्याच फेरीत क्षेत्रफळाने प्रवाशांचा वाटा वजनापेक्षा कितीतरी मोठा निघतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-पॅक्स डोळ्यांसमोर आणा. तिच्यातली मोटार माल समजावी की प्रवाशाचे सामान, इथपासूनच वाद सुरू होतो. आपण दोन्ही पद्धतींनी वाटप करून दोन्ही उत्तरे छापावीत. त्यांच्यातले अंतर हीच वाचकाला हवी असलेली माहिती आहे.

दौंडकर

मार्ग निवडायचा तर कसारा–इगतपुरी घाट घ्यावा. ३७ फुटांना एक फूट अशी चढण असल्यामुळे जड गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात, आणि ती प्रवासी गाड्या आणि मालगाड्या अशा दोहोंना लागतात. बँकर लावायला आणि काढायला वेळ जातो, वर पोहोचलेले इंजिन रिकामे खाली आणावे लागते, आणि त्या वेळात मार्गावरची आणखी एक जागा जाते. तिथे टंचाई कशाची आहे हे शोधत बसावे लागत नाही. 'प्रति बँकर-तास' किती प्रवासी आणि किती टन वर चढले, हे दोन आकडे शेजारी मांडले तर प्रवासी आणि मालाची ओढाताण स्पष्ट दिसेल. मात्र तेच माप इगतपुरीच्या पुढे मनमाडपर्यंत वापरू नका. तिथे बँकर नाही आणि अडचण जागेची आहे.

माहिती अधिकारात अर्ज करताना वार्षिक सरासरी मागू नका, ती छापील अहवालांत मिळतेच. एखाद्या सर्वसाधारण महिन्याचे आणि एप्रिल-मे २०२० चे त्या विभागातील गाडीनिहाय जाण्या-येण्याचे वेळ मागा, लूपमध्ये किती वेळ गेला ते वेगळे मागा, आणि पार्सलचे उत्पन्न 'इतर कोचिंग'मधून स्वतंत्र काढून द्यावे असे स्पष्ट लिहा. नाहीतर लगेज, पार्सल आणि बाकीचे सगळे एकाच ओळीत येईल.